शिवी द्यायची तर नाव सांगून

धर्मसिंग नाईक तांडा, सिद्धेश्वर
१२ फेब्रुवारी २००९

माझ्या अंगणात बसून, माझ्या हातची भाकर खाऊन, तुझ्या पोरानं माझ्या नातीला बाजारात उभी केली, आणि तू फोनवर म्हणतोस, "आई, पोरांचा खेळ आहे तो, मनावर घेऊ नका." आई! आणि वरून 'नका'! बाजूला कॉलनीतलं कुणी बसलं होतं का? तुझी आई कोण ते मला ठाव न्हाई. मी तुझी याडी हाय.

प्रेमदास, आता खुशाली इचारते. तू खुशाल असशील. निर्मला खुशाल असंल. दिपक तर लईच खुशाल असंल. आता आमची ऐक.

हे पत्र मीच लिहून राहिले. साक्षरतेच्या वर्गात कंदिलाखाली जेवढं गिरवलं तेवढ्यावर. पुनमचंदला लिहायला बसवलं असतं तर त्यानं धाकटा भाऊ म्हणून अर्ध्या शिव्या गाळल्या असत्या. माझ्या चुका काढू नको. आज चुका काढायची पाळी माझी हाय.

दिवाळीच्या सुट्टीत तू दिपकला इथं धाडलंस. नवा मोबाइल घेऊन आला. बकरीचा फोटो, चुलीचा फोटो, माझ्या पायातल्या कड्यांचा फोटो. म्हटलं, पोरगं नादी लागलं, लागू दे. त्या दिवसांत मी शितलला ढावलो शिकवून राहिले होते. तू औरंगाबादेत राहून इसरला असशील म्हणून सांगते. आपली नवरी सासरी निघताना गळ्यात पडून रडते ते नुसतं रडणं न्हाई. त्याला चाल हाय, बोल हायेत. आईच्या गळ्यातलं येगळं, भावाच्या गळ्यातलं येगळं, दावणीच्या बैलालाबी एक हाय. शिकल्याबिगर येत न्हाई. शितलच्या लग्नाचा पत्ता न्हाई, पण पोहणं काय पुरात पडल्यावर शिकतात?

तर पोरीनं माझा घेरदार फेटिया नेसला, पाठीला नाड्या बांधून कांचळी घातली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि माझ्या गळ्यात पडून हेल काढला. बराबर काढला. मला माझी याडी आठवली. आणि तुझं पोरगं समोर मोबाइल धरून बसलं होतं. मला वाटलं, शिकून राहिलं.

ते त्यानं कॉम्प्युटरवर टाकलं. मागून कुत्र्याचं केकाटणं जोडलं. खाली लिहिलं, 'आमच्या कामवालीची येडी पोरगी.' कामवालीची! थोरल्या चुलत्याची, पुनमचंदची लेक, तुझ्या घरी आली तर दिपकला दादा दादा करत मागं फिरायची, ती कामवालीची.

संक्रांतीपासून ते हिंगोलीच्या कॉलेजात फिरून राहिलं. एका फोनातून दुसऱ्या फोनात जातं म्हणे, गोचीड जावी तसं. मला हे शितलनं सांगितलं न्हाई, तिच्या तोंडात सबूद न्हाई. तिची मैत्रीण ज्योतीनं सांगितलं, धम्मानंद मास्तरची लेक. दोघी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला हायेत. शितल वर्गात पाय टाकते तवा मागच्या बाकावरून हेल निघतो, "याडीये ऽ ऽ". बसस्टँडवर निघतो. कँटीनमध्ये निघतो. कुणीतरी तिच्या नावाचं खोटं पान बनवलं, तिचाच फोटो लावला आणि तिच्या तोंडी असलं बोलणं घातलं की मी लिहिणार न्हाई, कागदाला पाप लागंल. मंग कुणीतरी पुनमचंदचा नंबर तिथं टाकला. आता आमचा फोन वाजतो. उचलला की पलीकडून रडतात. फोन बंद ठेवावा तर मासे घेणारं गिऱ्हाईक जातं.

पुनमचंद म्हणतो, शिक्षण बस. पोरगी न जेवता भिंतीकडं तोंड करून पडते. फवारणीचं औषध मी पेटीत घालून कुलूप लावलं. काहून, ते इचारू नको. कालव्याकडं निघाली की मीबी निघते. म्हणते, "दादी, मी काय बकरी हाय का, मागं मागं येतीस?" म्हटलं, "बकरी असतीस तर मला फिकीर नसती."

एप्रिलात तिची परीक्षा हाय. तिनं त्या कॉलेजात जाऊन बसलं पाहिजे आणि पेपर लिहिला पाहिजे. मला दुसरं काही नको. ज्यानं टाकलं त्यानं उचलावं. दिपकला सांग. आणि सांगताना त्याला समोर उभा कर, टीव्ही बघत सांगू नको.

तुझी याडी,
नानीबाई

· · ·

धर्मसिंग नाईक तांडा
२८ फेब्रुवारी २००९

पत्र मी तुला लिहिलं आणि उत्तर निर्मलाच्या फोनावर आलं. तू मुका झालास का?

ती म्हणाली, "दिपकची बारावी आहे हो, आत्ता त्याला डिस्टर्ब नको. आणि त्याने काढलं तरी पोरांकडे गेलंय ते, आता काय उपयोग?" व्हय का? मंग उद्या तुमच्या बिल्डिंगीत आग लागली की म्हणा, लागली ती लागली, आता पाणी कशाला. त्याची बारावी ती बारावी, आणि हिची परीक्षा काय जत्रा हाय?

तू बोलत न्हाईस म्हणून मी सोता बघायला गेले. ज्योतीला म्हटलं, मला त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ने. पूर्ण पोशाखात गेले, आरसे लावलेली ओढणी घेऊन. लपायचं कुणाला? दुकानदार हिंदीत बोलला, "मौसी, यहाँ क्या काम है?" म्हटलं, "माझ्या नातीला शिव्या कुठं भेटतात ते बघायला आले. खुर्ची दे."

ज्योती वाचून दाखवू लागली आणि मधीच माझ्याकडं वळली. "आजी, हे मी न्हाई वाचत."

"वाच. मी अर्ध्या तांड्याची बाळंतपणं केली. मला काय नवं सांगशील?"

मंग तिनं खाली मान घालून वाचलं. प्रेमदास, घाण मी लई ऐकली हाय. नळावर ऐकली, बाजारात ऐकली, तुझ्या बापाकडूनबी ऐकली. पण दर शिवीला तोंड होतं. मी ज्योतीला इचारलं, "हे बोलणारे कोण? नावं वाच." तर एकाचं नाव किंग ऑफ हिंगोली. एकाचं डेंजर बॉय. एकाचं नावच 'तुझा बाप'. म्हटलं, "ह्यातल्या एकाचंबी बारसं झालेलं दिसत न्हाई. आणि हा 'तुझा बाप', ह्याच्या आईला ठाव हाय का?" बाजूची पोरं खुदकन हसली. ज्योतीबी हसली, मंग डोळे पुसले.

"आजी, खरं नाव कुणी टाकत न्हाई इथं. म्हणून तर धीर होतो त्यांना."

तुला ठाव हाय, आपल्या तांड्यावर शिवीला नियम हाय. होळीला बायका पुरुषांना नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन, गाण्यात घालून सोलतात. ज्याचं नाव घेतलं तो पुढं येऊन उभा राहतो, काठीचा एखादा फटका खातो, गाणं संपेस्तोवर हलत न्हाई. मंग त्याला गूळ. तिथं भांडण मिटलं. नाव न घेता, माघारी शिवी देणाऱ्याला नाईक वाड्यापुढं उभा करायचा. तुझा बापच उभा राहिला होता एकदा, खोटं न्हाई.

म्हणून मी ज्योतीला म्हटलं, "मलाबी ह्यात लिहायचं. मी बोलते, तू बडव." तिनं लई नको नको केलं. पण लिहिलं. असं लिहिलं: "मी नानीबाई. नरसिंग चव्हाणची बायको. राहणार धर्मसिंग नाईक तांडा, सिद्धेश्वर. रडणारी पोरगी माझी नात हाय आणि रडणं मी शिकवलं. ज्याला शिवी द्यायची त्यानं होळीला तांड्यावर यावं, आपलं नाव आणि बापाचं नाव सांगावं आणि पोरीच्या तोंडावर द्यावी. न्हाई आला तर त्याला बाप न्हाई असं समजू."

दुकानदार आधी हसत होता. मंग तो खाली बघून काहीतरी साफ करू लागला.

आता खरं सांगते. त्यानं कमी झालं न्हाई, वाढलं. दोन दिवसांत माझंबी नाव सगळ्या कॉलेजात झालं. 'डोकरी आयटम' म्हणे. फोन आणखीन वाजू लागला. शितल पहिल्यांदा उठून बसली आणि माझ्यावर तुटून पडली. "दादी, तुला कुणी सांगितलं होतं मधी पडायला? त्यांना हेच पाहिजे असतं. आता तुलाबी ओढलं. आणि त्यांना सांगून ठेवलंस, इथं या!" भांडी आपटली. मला अक्कल न्हाई म्हणाली. मंग भाकर मागितली. भांडल्यावर भूक लागते माणसाला. म्हणून मला पस्तावा न्हाई.

दिपकचं अजून तिथंच हाय. मी डोळ्यांनी बघितलं. तुझ्या मुकेपणाला किती दिवसांची रजा हाय ते कळव.

नानीबाई

· · ·

धर्मसिंग नाईक तांडा
१५ मार्च २००९

होळीला तू आला न्हाईस. परकी पोरं आली.

आपली होळी पहाटे पेटली. उन्हं चढली तशा बायका काठ्या घेऊन चौकात उभ्या होत्या. एवढ्यात एका फटफटीवर तीन पोरं आली, डोळ्यावर काळे चष्मे. फोन हातात, शिनेमा काढायला. त्यांना वाटलं असंल, म्हातारीची गंमत बघू. बायकांनी काठ्या वर केल्या तशी फटफटी जागीच वळली. दोघं बसले, तिसऱ्याची टांग वर गेलीच न्हाई. त्याला टाकून पळाले. असले दोस्त.

राहिलेलं पोरगं चिमणीएवढं झालं. मी म्हटलं, "नाव सांग."

"किंग... मंजी... आजी, मी नुसता बघायला आलतो."

सोजराबाईनं त्याचा चष्मा काढला आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! हा तर उत्तमसिंगचा वसराम! डोंगरकड्याकडच्या तांड्याचा. ह्याच्या बहिणीच्या लग्नात मी पुऱ्या लाटल्यात!"

ऐकलंस का प्रेमदास? सगळ्यात घाण लिहिणारा किंग, तो आपला निघाला. गोरमाटी. ज्याच्या घरात फेटिया दोरीवर वाळतो.

मी इचारलं, "बहीण सासरी निघाली तवा तू कुठं होतास?"

"मांडवात."

"ती रडली का?"

"रडली."

"कशी?"

"तशीच, आजी. ढावलो."

"तू हसलास का?"

"न्हाई. माझ्याबी गळ्यात पडली ती. मीबी रडलो."

"मंग हिला काहून हसलास?"

तवा त्या पोराचं तोंड वाकडं झालं. म्हणाला, "वर्गात कुणाला ठाव न्हाई मी तांड्यावरचा ते. सगळे 'लमाणी लमाणी' करून हसू लागले. मी हसलो नसतो तर माझ्याकडं बघितलं असतं. म्हणून मी जास्त लिहिलं." मला कीव आली म्हणशील. वाईच आली. काठी खाली ठेवली न्हाई.

तवर शितल दारात आली होती. ती होळीला बाहेर पडणार न्हाई म्हणून आडवी पडलेली. केस विंचरलेले न्हाईत, तशीच. चौकात आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. म्हणाली, "तू माझ्या पानावर जे लिहिलंस ते बोल. इथं. मोठ्यानं."

"चुकलं माझं."

"चुकलं ते मागून. आधी बोल. लिहिताना हात चालला, आता जीभ चालव."

त्यानं तोंड उघडलं. एक सबूद आला, दुसरा आला न्हाई. सगळा तांडा उभा. शितल म्हणाली, "न्हाई येत ना? मला रोज येत होतं. मी पाठ केलं होतं तुझं. रात झाली की आपोआप डोक्यात चालू व्हायचं."

मंग पोरीनं सोजराबाईच्या हातची काठी घेतली, त्याच्या पायापाशी जमिनीवर आपटली आणि गाणं उचललं. होळीच्या चालीत, नाव घालून, बापाचं घालून:

"उत्तमसिंगचा वसराम गं,
फोनात वाघ, दारात उंदीर,
बहिणीच्या गळ्यातलं रडू चोरून
कुत्र्याला घातलं हारात गुंफून."

जागच्या जागी जोडलं! बायकांनी अशी झील धरली की धरणापलीकडं गेली असंल. एक कडवं झालं, दुसरं झालं. चौथ्याला तर तिनं त्या फटफटीवाल्यांनाबी घेतलं. पोरगं मान खाली घालून शेवटपर्यंत उभं राहिलं, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगते. पळाला न्हाई. गाणं संपलं, सोजराबाईनं त्याला गूळ दिला. शितलनं दिला न्हाई. मीबी जबरदस्ती केली न्हाई. तिचं तिनं ठरवावं.

दुसऱ्या दिवशी ज्योती सांगत आली, त्यानं आपलं सगळं लिहिलेलं काढलं, आणि खऱ्या नावानं माफी टाकली. खाली त्याच्याच दोस्तांनी त्याला सोलला. आता तो कँटीनमध्ये एकटाच बसतो म्हणे.

पुनमचंद अजून म्हणतो, कॉलेज नको. शितल म्हणते, बघू. 'न्हाई'वरून 'बघू'वर आली.

वसरामनं उन्हात उभं राहून ऐकून घेतलं. तुझं पोरगं तिकडं पंख्याखाली हाय. त्याची बारावी संपायला आली असंल. आता कोणतं कारण?

नानीबाई

· · ·

धर्मसिंग नाईक तांडा
८ एप्रिल २००९

'विषय संपला' असं लिहायचा अधिकार तुला कुणी दिला?

तुझं पत्र आलं. शेवटी आलं. टाइप केलेलं, ऑफिसातल्या नोटिशीसारखं. 'दिपकने सदर व्हिडिओ काढून टाकला आहे. आता विषय संपला असे समजावे.' सदर! तुझी भाची असती तर सदर म्हणाला असतास का? ही तर पुतणी हाय. त्यात शितलचं नाव एकदाबी न्हाई, मी शोधलं.

मी ते शितलला वाचून दाखवलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दादी, त्यानं मला पुसलं. पण कामवालीची पोरगी म्हणून ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यात मी तीच राहिले ना? खरं कोण सांगणार त्यांना?"

बराबर बोलली. मला आधी वाटायचं, ते कॉम्प्युटरवरून निघालं की झालं. पोरगी माझ्या पुढं गेली.

आता मला तुझं कळलंय ते सांगते, राग येऊ दे. दिपकला हे लिहायचं सुचलं कसं? त्याच्या मित्रानं इचारलं असंल, ही रे कोण? तर त्याच्या तोंडून 'माझी बहीण' निघालं न्हाई, काहून की त्याच्या घरात ते कधी निघतच न्हाई. आपलं आडनाव चव्हाण, मराठ्यांतबी असतं. तुला लपायला सोपं गेलं. मागं मी आले तवा निर्मलानं मला माजघरात बसवलं आणि शेजारणीला म्हणाली, गावाकडच्या बाई आहेत. मी पोह्यांची बशी हातात धरून ऐकलं. तू तिथंच पेपर वाचत होतास. वसराम वर्गाला घाबरला, तो एकोणीस वर्षांचं पोरगं. तू कुणाला घाबरतोस? तुझ्या डोक्यावर केस राहिले न्हाईत.

तर ऐक, मी काय ठरवलं. शितलचे पेपर संपले की मी, सोजराबाई आणि तांड्यावरच्या आणखी चौघीजणी औरंगाबादला येणार. फेटिया, कांचळी, हातभर बलोयांच्या बांगड्या, सगळं घालून. वर येणार न्हाई, तुझ्या चहाची गरज न्हाई. खाली फाटकापाशी बसून एकमेकींच्या गळ्यात पडून ढावलो म्हणणार. आईचा म्हणू, भावाचा म्हणू, बैलाचाबी म्हणू. तुझ्या बिल्डिंगीच्या सगळ्या गॅलऱ्या भरतील. इचारतील, ह्या कोण? मंग तू खाली येऊन सांग कोण. न्हाई सांगितलंस तर आमी सांगू. आमाला लाज न्हाई. मोबाइल असतील तर काढू दे शिनेमा, यंदा मी सोता तोंड दाखवणार.

हे टाळायचं तुझ्या हाती न्हाई, दिपकच्या हाती हाय.

आज सकाळी शितल पहिल्या पेपरला गेली. पुनमचंद 'नको' म्हणायला उठला तवर ती अंगणाबाहेर होती. ज्योती बरोबर होती. मी बसपर्यंत जाते म्हटलं, तर म्हणाली, "दादी, घरी बस." बसले. सगळा दिवस बसले, तुला कशाला खोटं सांगू, एक भाकर थापली ती करपवली.

संध्याकाळी ज्योती आधी पळत आली. बसस्टँडवर तीच टोळी उभी होती म्हणे. शितल उतरली आणि मागून हेल निघाला, "याडीये ऽ ऽ". ज्योतीनं तिचा हात धरला, चल म्हणाली. शितल थांबली. मागं वळली. चार पावलं त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "चाल चुकली. हे सासरी निघाल्याचं रडणं हाय, दाढ दुखल्याचं न्हाई. शिकायचं असंल तर तांड्यावर या, दादी शिकवते." आणि पेपरला गेली. मागून पुन्हा हेल आला न्हाई असं न्हाई. आला. पण बारीक आला.

पेपर कसा गेला इचारलं तर म्हणाली, दोन प्रश्न लिहायचे सुटले. सुटू दे. परवा पुन्हा पेपर हाय.

आता उत्तराचं. तू लिहायचं न्हाईस. निर्मलानं फोन करायचा न्हाई. दिपकनं लिहायचं, आधी त्याच पानावर, जिथं त्यानं कामवाली लिहिलं तिथं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत: ही माझी बहीण शितल पुनमचंद चव्हाण, आणि मी दिपक प्रेमदास चव्हाण, नरसिंगचा नातू, धर्मसिंग नाईक तांड्याचा. मंग कागदावर लिहायचं, आपल्या हातानं, शितलच्या नावानं. मला न्हाई. माझ्या नावानं आलेलं पाकीट मी फोडणार न्हाई, मग ते तुझ्या अक्षरात असू दे न्हाईतर देवाच्या.